काका म्हणजे नक्की कोण?

मचवा

आमच्या घरात वडिलांना काका म्हणतात. शेजारची पोरं नव्हे, आम्हीच, त्यांची सख्खी मुलं. वाड्यात तेव्हा सोळा-सतरा माणसं, चुलत भावंडं आमच्या आधी जन्मलेली. ती ह्यांना काका म्हणायची, ते कानावर पडून आम्हीही तेच उचललं. ‘बाबा’ ही जागा थोरल्या काकांनी आधीच अडवली होती, ती काही रिकामी झाली नाही. पहिलीत असताना बाईंनी विचारलं, न्यायला कोण आलंय? म्हटलं, काका. वडील का नाही आले? म्हटलं, हेच वडील. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ते वर्षभर माझ्याशी जरा जास्तच मायेनं वागल्या. त्यांच्या मनात काय आलं असेल ते कळायला मला दहावी उजाडावी लागली.

आता हे आठवायचं कारण. तीन वर्षं झाली, आम्ही दार-ए-सलामला आहोत. पहिल्या दिवशी विमानतळावर ऑफिसचा ड्रायव्हर घ्यायला आला. पन्नाशीचा गृहस्थ, कानाशी केस पांढरे. माझ्या हातातली बॅग घेत म्हणाला, “करिबू, काका.” मी तेव्हा एकोणचाळीसचा. करिबू म्हणजे या, स्वागत आहे, एवढं घोकून आलो होतो. पण काका? ह्याला मराठी कुठून येतं, हा पहिला प्रश्न. आणि माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस मला काका कसा म्हणतो, हा दुसरा, जास्त झोंबणारा. त्या रात्री हॉटेलच्या आरशासमोर बराच वेळ उभा होतो.

आठवड्याभरात बायको करिआकूच्या बाजारात भाजी आणायला गेली आणि लालबुंद होऊन परत आली. टोमॅटोवाला तिला ‘दादा, दादा’ करून हाका मारत होता. “मला काय मिशा फुटल्यात?” असं तिनं मलाच विचारलं, जसं काही त्याला मी पढवून ठेवलं होतं.

मग उलगडा झाला. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ, विशेषतः थोरला. आणि दादा म्हणजे बहीण, तीही थोरली. रस्त्यात कुणाला हाक मारायची तर पुरुषाला काका, बाईला दादा. आपण रिक्षावाल्याला ‘ओ दादा’ करतो, त्यातलाच प्रकार. बाबा म्हणजे बाबाच, पण मामा म्हणजे आई. बाबू म्हणजे आजोबा, बीबी म्हणजे आजी. टोमॅटोला न्यान्या म्हणतात, आणि शेजारच्या केनियात न्यान्या म्हणजे आजीसुद्धा. बाजारात कोण काय विकतंय आणि कोण कुणाला हाक मारतंय हे कळायला आम्हाला दोन महिने लागले.

खरी गंमत पुढे. वडिलांच्या धाकट्या भावाला इथे म्हणतात ‘बाबा म्डोगो’, धाकटे बाबा. वडिलांहून मोठा असेल तर ‘बाबा म्कुब्वा’, थोरले बाबा. म्हणजे इथे काका हा बाप आहे, आणि आमच्या घरी बाप हा काका. दोन्ही टोकं जुळली, फक्त मधला मी लोंबकळतोय.

तर मंडळी, तुमच्या गावात, तुमच्या परदेशात, काका कोण आहे? स्वतःचं काही असेल ते टाका. विकिपीडिया चिकटवू नका, तो मलाही उघडता येतो.

कोरडी_चटणी

वाचतेय. वहिनींना सांगा, दादा परवडला. मला परवा लोकलमध्ये एका कॉलेजकन्येनं ‘काकू, जरा आत सरकता का’ म्हटलं. मी छत्तीसची आहे आणि जीन्स घातली होती. पुरुषाला काका म्हटलं तर तो फार तर कलप लावेल. बाईला काकू म्हटलं की मागून ‘बाई’ येऊन चिकटायला वेळ लागत नाही. काकूबाई हा शब्द आहे. काकाबुवा आहे का कुठे?

शंकासुर

काकाकुवा आहे.

कोरडी_चटणी

तुम्ही गप्प बसा.

वऱ्हाडी_ठेचा

काय राजेहो, हे त आमच्याच घरचं निघालं! आमच्याइकडे यवतमाळले बाबाचा मोठा भाऊ म्हणजे मोठेबाबा, त्याईची बायको मोठीआई. धाकटा असन त काकाजी. पुण्यात शिकाले होतो तवा रूममेटले म्हटलं, मोठेबाबा वारले, गावाले जातो. तो म्हणे, आजोबा का रे? म्हटलं नाही, बाबाचे भाऊ. म्हणे, मग काका म्हण ना, मी घाबरलोच. आता घाबराचंच होतं ना त्यानं. मोठेबाबा गेले म्हणजे घरातला बापच गेला. ते ‘काका गेले’ म्हटल्यानं थोडंच समजते.

अन् मचवाभाऊ, बाबा म्कुब्वा हे नाव आमच्या मोठेबाबाले लय शोभलं असतं. माणूस होताच तसा म्कुब्वा.

वाचनमात्र

मम.

शंकासुर

पाहा, हाही दोन अक्षरांचाच. भटजी म्हणतात, ‘मम म्हणा’, आणि आपण ताम्हनात पाणी सोडतो. संस्थळावर मम म्हणजे ‘मलाही असंच म्हणायचंय, पण टंकायचा कंटाळा आलाय’. संस्कृतात ‘माझं’, आपल्याकडे ‘तुमचंच’.

गोदातीर

नांदेडला काकाचं वय एकदम उतरतं. आमचं घर हजूर साहिबच्या गुरुद्वाऱ्यापासून जवळ. शेजारी एका सरदारजींचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. ते हाक मारायचे, “ओ काके, इकडं ये!” आणि लगेच अस्सल नांदेडी मराठीत, “दोन कट चहा सांग की रे.” पंजाबीत काका म्हणजे पोरगा, आपल्या बाळ्यासारखा. मुलगी असेल तर काकी.

त्यांच्या थोरल्या सुनेला मुलगा झाला तेव्हाचा प्रसंग आमच्या घरात अजून सांगतात. सरदारीणबाई पेढे घेऊन दारात. “काका होया!” आई म्हणाली, “अरे वा! कोण काका झाला?” कारण मराठीत काका होतो तो बाळाच्या बापाचा भाऊ. त्या म्हणाल्या, “सांगते ना, काका झाला.” आईनं विचारलं, “हो, पण मुलगा की मुलगी?” त्या बिचाऱ्या तिसऱ्यांदा म्हणाल्या, “काका!” शेवटी वडील आतून ओरडले, मुलगा झालाय त्यांच्याकडे, पेढे घे.

राजेश खन्नाला काका म्हणत ते ह्याच नात्यानं. जन्म अमृतसरचा, वाढला गिरगावात ठाकूरद्वारला. ‘ऊपर आका, नीचे काका’ ही म्हण त्याच्या भरात सगळीकडे चालायची. पंजाबी कानाला तो बाळ्या, गिरगावच्या कानाला चुलता. पडद्यावर मात्र तो दोन्ही नव्हता, हे माझ्या मावशीला विचारा.

जिरेमिरे

मी लिहू की नको अशा विचारात होतो. ज्यांचं जेवण चाललंय त्यांनी हा प्रतिसाद नंतर वाचावा.

मी माद्रिदला असतो. दोन वर्षांपूर्वी भाऊ, वहिनी आणि त्यांची पाच वर्षांची लेक आली होती. मेट्रोत आम्ही दोघं पुढच्या डब्यात बसलो. समोर काहीतरी दिसलं आणि ती माझी बाही ओढून ओरडायला लागली, “काका! काका! काका, लवकर!” समोरच्या आजीबाई ताडकन उठल्या. पर्समधून ओले टिश्यू काढून माझ्या हातात कोंबले आणि म्हणाल्या, पुढच्या स्टेशनला उतर, वर कोपऱ्यावर बार आहे, लहान मूल म्हटल्यावर नाही म्हणणार नाहीत. बाजूच्या तरुणानं दार अडवून धरायची तयारी केली.

स्पॅनिशमध्ये लहान मुलांच्या बोलीत काका म्हणजे शी. फ्रेंचमध्येही तेच. इटालियनमध्ये मधला क जरा दाबून म्हणतात, अर्थ तोच. मूळ लॅटिन क्रियापद आहे, त्याचा अर्थ सांगत बसत नाही.

मी गडबडीत पुतणीला हे सांगून बसलो. पाच वर्षांच्या मुलाला असली माहिती देऊ नये. पुढचे नऊ दिवस तिनं मला प्रत्येक संग्रहालयात, प्रत्येक रांगेत, शक्य तेवढ्या मोठ्या आवाजात हाक मारली.

शंकासुर

मग तो ब्राझीलचा फुटबॉलपटू काका तुमच्या माद्रिदला खेळायला आला तेव्हा काय झालं असेल?

जिरेमिरे

@शंकासुर, तो आला २००९ मध्ये. त्याच्या नावात जोर शेवटच्या ‘का’वर आहे, ह्याच्यात पहिल्यावर. सगळी अब्रू त्या एका आघातावर टांगलेली. नावाची गोष्ट पण गोड आहे: खरं नाव रिकार्दो, धाकट्या भावाला ते म्हणता येईना, तो काका म्हणायचा. म्हणजे तिथेही थोरल्या भावालाच काका. मचवांच्या ड्रायव्हरला सांगा.

गुळपोळी

अय्या, मी हा धागा आत्ता पाहिला. स्वीडनवाल्यांना कुणी बोलावलंच नाही!

गोथेनबर्गला आम्ही रोज काका खातो. काका म्हणजे बिस्किट, केक, असं कुठलंही भाजलेलं गोड. अनेकवचन काकोर. कुठलीही वेबसाइट उघडा, आधी पाटी येते, ‘वी अनवेन्देर काकोर’, आम्ही कुकीज वापरतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या कॉलनीचे सगळे काका रांगेत उभे दिसले. डिसेंबरात १३ तारखेला लुसियाचा सण, तेव्हा आल्या-दालचिनीची पातळ पेप्पर-काकोर. जुन्या काळी पाहुणे आले की सात प्रकारची काकोर मांडायची रीत होती. सातापेक्षा कमी केली तर बाई चिक्कू, जास्त केली तर मिरवते. कोल्हापूरच्या माझ्या आजीला हे तंतोतंत पटलं असतं, फक्त तिचा आकडा दिवाळीत अकराचा होता.

आता मुख्य किस्सा. इथे एक चॉकलेटचा केक घरोघरी करतात, त्याचं नाव क्लाद-काका. लोणी पातेल्यात वितळवायचं, त्यातच साखर, अंडी, मैदा, कोको आणि चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर अजिबात नाही. टिनला लोणी फासून वरून ब्रेडचा चुरा भुरभुरायचा. कडा धरल्या की काढायचा, मध्ये तो ओलसर, चिकट राहायलाच हवा. फुगला आणि कोरडा झाला म्हणजे बिघडला. (माझा पहिले चार वेळा बरोब्बर बिघडला. फुगला नाही की आपल्याला चैन पडत नाही, अजून दहा मिनिटं ठेवू म्हणतो.)

मागच्या उन्हाळ्यात नवऱ्याचे सांगलीचे काका आले. माणूस प्रेमळ, पण चिकट असा की खानदानात त्यांच्या नावानं वाक्प्रचार आहेत. विमानात मिळालेली साखरेची पुडकीसुद्धा पिशवीत आणली होती. मी क्लाद-काका केला, वर मलई, बाजूला स्ट्रॉबेरी. त्यांना फार आवडला. म्हणाले, काय म्हणतात गं ह्याला? मी सांगितलं. म्हणाले, म्हणजे काय? आता ‘क्लाद’ म्हणजे चिकट. नवरा टेबलाखालून पाय मारतोय. मी म्हटलं, “म्हणजे... ओलसर काका.” सासूबाई फोनवर होत्या, त्यांना नंतर खरं सांगितलं, तर आता सगळी सांगली त्यांना क्लाद-काका म्हणते. त्यांना वाटतं केकच्या आठवणीनं म्हणतात.

स्वीडिशमध्ये एक वाक्प्रचारही आहे, ‘काका पो काका’. काकावर काका. एकच गोष्ट दोनदा सांगणं, ‘पिवळा पितांबर’ म्हणतो तसं.

शंकासुर

मग केक आणि काका एकच का?

गुळपोळी

हो की! वायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेत काका होता, तो इंग्लंडात जाऊन केक झाला. आणि पूर्वेला फिनलंडमध्ये स्वीडिश काकाचा झाला कक्कू. म्हणजे बाल्टिक समुद्राच्या ह्या काठावर काका, त्या काठावर काकू, आणि दोघंही केकच. फक्त फिनिशमध्ये कक्कूचा कक्का होऊ देऊ नका, तिथे जिरेमिरे बसलेत.

पेठेतला_किडा

सगळे जग फिरून आले, शनिवारवाडा कुणाला आठवला नाही!

३० ऑगस्ट १७७३. गारदी वाड्यात घुसले. अठरा वर्षांचा नारायणराव पळत सुटला तो थेट नजरकैदेत असलेल्या चुलत्याच्या दालनात. “काका, मला वाचवा.” ज्याला हाक मारली त्याचंच नाव कटात होतं, पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी त्याला दोषी धरलं. ‘धरावे’चं ‘मारावे’ केल्याची, ध चा मा केल्याची आख्यायिका सगळ्यांना पाठ आहे. पण एका अक्षराच्या फेरफाराची गोष्ट सांगताना दोन अक्षरांची गोष्ट राहून जाते: राघोबाला सगळं पुणं दादा म्हणत होतं. रघुनाथराव, दादासाहेब. काका तो फक्त पुतण्याचा. त्या पोरानं ‘श्रीमंत’ म्हटलं नाही, ‘दादासाहेब’ म्हटलं नाही. जीव वाचवायला त्याच्याकडे तेवढं एकच नातं शिल्लक होतं, ते त्यानं वापरून पाहिलं.

लहानपणी आजी वाड्यासमोरून जाताना सांगायची की अमावास्येला अजून आवाज येतो. मी विचारायचो, मग काका काय म्हणतात? आजीकडे उत्तर नव्हतं.

आणि हो, दार-ए-सलामात ही गोष्ट सांगायची झाली तर पंचाईत. ताईचं नाव लावणारा हा भाऊ कोण, असंच विचारतील.

चौकटराजा

काका-पुतणे म्हटलं की पेशवाईपर्यंत कशाला जायचं? आपल्या राज्यात आत्ताही

संपादक

वरील प्रतिसादाचा उर्वरित भाग काढला आहे. राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. काकांनी आणि पुतण्यांनी तिकडे जावे.

रानवाटा

शंकासुरांनी काकाकुवा काढलाच आहे तर पुढचं मी सांगते. मी वेलिंग्टनला राहते, न्यूझीलंड. आमच्या बाल्कनीच्या कठड्यावर सकाळी दोन काका येऊन बसतात. तपकिरी-करडे, पंखांखाली शेंदरी, चोच अशी की फळीचा तुकडा पाडतील. माओरी भाषेत काका म्हणजे हा पोपट. शहरात ते जवळजवळ संपले होते, २००२ मध्ये झीलंडिया अभयारण्यात पुन्हा सोडले आणि आता गावभर उंडारतात. झाडांच्या साली सोलतात. लोक हौसेनं खाऊ घालतात, तसं करू नका असं अभयारण्यवाले सांगून थकलेत. आईला फोनवर म्हटलं, काका आलेत, नंतर बोलते. ती म्हणाली, कुठले? पुण्याचे की नाशिकचे?

ह्याचाच भाऊबंद काकापो. पो म्हणजे रात्र. रात्रीचा काका. उडता येत नाही, गोलमटोल, अंधारात चालत फिरतो. १९९५ मध्ये सगळ्या जगात मिळून ५१ उरले होते. आता त्यातल्या बहुतेकांना स्वतःचं नाव आहे आणि पाठीवर ट्रान्समीटर.

काकाकुवा मात्र इथला नाही. तो मलायमधल्या ‘काकातुआ’वरून आलाय. मलायत ‘ककाक’ म्हणजे थोरली बहीण किंवा भाऊ, ‘तुआ’ म्हणजे म्हातारा, म्हणून हा थोरला बुजुर्ग पक्षी, अशी एक फोड तिकडे सांगतात. काकातुआ म्हणजे खिळे उपटायची पक्कडही. चोच पाहिली की पटतं.

चिंचोका

कोझिकोडला नोकरीत सहा वर्षं काढली. मल्याळममध्ये कावळा म्हणजे काक्का. आणि मलबारच्या मुसलमान घरांत थोरला भाऊही काक्का, त्याचंच लाडकं रूप इक्का. गॅलरीत कावळा बसला की घरमालकीण ‘काक्का, काक्का’ करून हाकलायची आणि खालून तिचा दीर वर बघायचा. आपल्याकडे संस्कृतातला काक फक्त श्राद्धाला आठवतो. पिंडाला शिवला नाही की सगळे हात जोडून त्याला विनवत उभे.

उगवता_सूर्य

जपानात काकाआ म्हणजे बायको, जरा गावरान भाषेत. ‘काकाआ देन्का’ म्हणजे बायकोचं राज्य. गुन्मा प्रांत त्यासाठी प्रसिद्ध, कारण तिथे रेशमाचं काम बायकांच्या हातात आणि पैसाही त्यांच्याच. एवढंच. घरी स्वयंपाक बाकी आहे, मला करायचाय.

अनुस्वार

धागा मस्त रंगलाय, त्यात मी थोडं पाणी ओततो.

हे सगळे काका एकसारखे दिसतात कारण आपण त्यांना देवनागरीत एकाच मापाचा सदरा घातलाय. स्वाहिलीत जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर. स्वीडिशमध्ये पहिला ‘का’ लांब, दुसरा आखूड. माओरीत दोन्ही दीर्घ. स्पॅनिश शी आणि ब्राझिलियन फुटबॉलपटू ह्यांतला फरक जिरेमिऱ्यांनी सांगितलाच. मल्याळममध्ये मधला क जोडलेला. हौसा भाषेतही काका आहे, म्हणजे आजी किंवा आजोबा, पण तिथे सूर आणि लांबी बदलली की त्याचाच ‘सुगीचा हंगाम’ होतो. ज्याच्या त्याच्या गावात ह्यातले दोन शब्द कुणी एकमेकांत मिसळत नाही.

दुसरं, एकच अक्षर दोनदा म्हणणं हा तान्ह्या मुलांचा उद्योग आहे आणि नात्यांचे शब्द बहुतेक त्यांच्याच तोंडून उचललेले. रोमान याकबसन ह्या भाषाशास्त्रज्ञानं म-काराचं कारण दिलं होतं: मूल अंगावर पीत असतं तेव्हा तोंड बंद, आवाज नाकातून निघतो, तो म. पुढे भूक लागली की तोच आवाज, आणि तो ऐकून जी धावून येते ती मामा, माँ, अम्मा. आपल्याकडे मंमं म्हणजे जेवण, जपानी बाळाचंही ‘मंमा’ म्हणजे जेवणच. त्यासाठी कुणी कुणाकडून शब्द उसना घ्यायची गरज नाही. पण हा कल आहे, कायदा नव्हे. जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे वडील आणि देदा म्हणजे आई. तिथली बाळंही अंगावरच पितात.

शंकासुर

पण शिराझचे लोक एकमेकांना ‘काको’ म्हणतात, भाऊ ह्या अर्थी. कुर्दांत काका म्हणजे थोरला भाऊ. अफगाणिस्तानात काका म्हणजे आपल्यासारखाच चुलता. आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वतःला शिराझी म्हणवणारे लोक आहेत. मलबारातही थोरला भाऊच. सगळी बंदरं एकाच समुद्रावर. काय म्हणता?

अनुस्वार

नकाशावर बोट ठेवलं की छान दिसतं, मान्य. शब्द गलबतातून जातात हेही खरं. मचवा रोज ‘दुका’त जात असतील, ‘चपाती’ खात असतील, ‘गारी’त बसत असतील, आणि तिचा ‘बिमा’ही उतरवला असेल. हे सगळे आपल्याकडून गेलेले स्वाहिली शब्द, तोंडावरून ओळखू येतात. दोन अक्षरी काका कुठल्याही पाळण्यात जन्मू शकतो. त्याला गलबतात बसवायचं तर त्याचं तिकीट दाखवा.

शंकासुर

तिकीट काकांकडे आहे.

मचवा

सहा आठवड्यांनी स्वतःचाच धागा वर काढतोय, माफी असावी. मध्ये घरी पाहुणे होते. पाहुणे म्हणजे काका. माझे. म्हणजे वडील. वय ७६.

विमानतळावर तोच ड्रायव्हर. काकांना पाहून त्यानं मान लववली आणि म्हणाला, “शिकामू, बाबू.” शिकामू हा इथला वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार. मूळ अर्थ ‘पाय धरतो’ असा सांगतात, म्हणजे आपल्या पायलागूसारखाच. उत्तरादाखल ‘मराहाबा’ म्हणायचं. मी काकांना हे भाषांतर करून सांगतोय तोवर त्यांनी बाबू तेवढं ऐकलं होतं. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस. चेहरा पडला. म्हणाले, “जन्मभर बाबू म्हणून घेतलं. इथेही कळलं का ह्याला?” मी समजावलं की बाबू म्हणजे आजोबा. म्हणाले, ते असू दे, त्याला सांग काका म्हण.

मी सांगितलं. ड्रायव्हर घुटमळला. एवढ्या वयाच्या माणसाला भाऊ कसं म्हणायचं, शोभत नाही. मग त्यानं विचारलं, तुम्ही मुलं काय म्हणता त्यांना? मी म्हटलं, आम्हीही काकाच. सख्ख्या बापाला? हो. त्याला हसू आवरेना. सिग्नल हिरवा होऊन मागचे भोंगे वाजवायला लागले तरी तो स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. काकाही हसायला लागले, का ते त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वेगळाच पेच. त्यानं खालून ‘काका!’ अशी हाक मारली की आम्ही दोघंही खिडकीत. दोन दिवसांत त्यानंच तोडगा काढला. काकांना ‘काका म्कुब्वा’, मला ‘काका म्डोगो’. थोरले भाऊ आणि धाकटे भाऊ. तीन आठवडे बापलेक असे भाऊभाऊ होऊन हिंडलो. काका पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी बसायचे. हा स्वाहिलीत बोलायचा, ते मराठीत. मासळीबाजारात कुठला मासा घ्यायचा ह्यावर दोघांचं भांडणही झालं आणि काका जिंकले.

बायकोचं मात्र अजून दादाच चाललंय. आता ती टोमॅटोवाल्याशी त्याच नात्यानं घासाघीस करते.

परवा व्हिडिओ कॉलवर काकांनी नेहमीसारखं हवापाणी विचारलं, नातवाचा अभ्यास विचारला, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, “आणि तुझा भाऊ कसा आहे?” मी म्हटलं, त्याच्याशी कालच बोललो, तो नाशिकलाच आहे. ते म्हणाले, “तो नाही रे. तिथला.”